वाचनालय फुकटात चालवायचे का? नगरपंचायत आणि गावकऱ्यांच्या वादावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातले तालुक्याचे गाव, काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेले. वाचनालय नगरपंचायतीच्या खोलीत, पुस्तके साधारण ३,०००, शेजारी अभ्यासिका. पगारी माणूस निवृत्त झाला आणि जागा तशीच राहिली. आता काही नगरसेवक ठराव आणू पाहताहेत की, गावातल्या सुशिक्षित तरुणांनी आणि निवृत्त शिक्षकांनी वाचनालय सेवाभावाने चालवावे. गावात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, "पोरांना फुकट राबवता काय?" दुसरा म्हणतो, "बंद राहण्यापेक्षा बरे, आम्ही येतो, पण किल्ली आमच्याकडे द्या." किल्ली द्यायला नगरसेवक तयार नाहीत. यातून वाट कशी काढायची?

भांडण सेवाभावाचे वाटते, पण ते किल्लीचे आहे. कुलूप कोण उघडणार, दाखल नोंदवहीवर (प्रत्येक पुस्तकाची क्रमांकाने नोंद असलेल्या वहीवर) सही कोणाची, पुस्तक गहाळ झाले तर जाब कोणाला विचारायचा, या तीन गोष्टी ठरलेल्या नसल्या की दोन्ही बाजू एकमेकांच्या हेतूंवर घसरतात. स्वयंसेवक वाचनालयाचे तास वाढवू शकतात, कामाला हात लावू शकतात. जबाबदार पगारी माणसाची जागा मात्र ते घेऊ शकत नाहीत. यात त्यांच्या लायकीचा प्रश्न नाही. ज्याला पगार देत नाही त्याच्याकडून हिशोब मागता येत नाही, एवढाच मुद्दा आहे. पुढचे सगळे याच पायावर आहे.

आपल्या भागात श्रमदानाची सवय मोठी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबांच्या मुलखात सार्वजनिक काम हातावेगळे करायला माणसे बोलवावी लागत नाहीत. पण श्रमदानाला सुरुवात असते आणि शेवटही असतो. बंधारा झाला, रस्ता झाडून झाला, माणूस घरी गेला. वाचनालय हे रोज ठरल्या वेळी उघडायचे काम आहे, आणि ते कधी 'झाले' असे होत नाही. श्रमदानाच्या उत्साहावर रोजची ड्युटी लावली की घोटाळा तिथेच सुरू होतो.

आधी वाचनालय कोणाचे ते पाहा

महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालये नोंदणीकृत संस्था चालवतात आणि त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता व अनुदान मिळते. काही थेट ग्रामपंचायत, नगरपंचायत किंवा नगरपरिषद चालवते. तिसरा प्रकार गोंधळाचा: इमारत नगरपंचायतीची, पुस्तके जुन्या संस्थेची, वीजबिल कोण भरते ते कोणालाच ठाऊक नाही. ग्रामपंचायतीची नगरपंचायत होताना दप्तराचे हस्तांतरण घाईत झालेले असते आणि वाचनालयाच्या नोंदवह्या त्या गठ्ठ्यात शेवटच्या. म्हणून पहिले काम म्हणजे माहितीच्या अधिकारात अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. त्याला १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तराची मुदत ३० दिवस. एवढेच विचारा:

१. वाचनालय शासनमान्य आहे का, असल्यास मान्यता क्रमांक व वर्ग.
२. नगरपंचायतीच्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या तक्त्यात) ग्रंथपाल किंवा तत्सम पद मंजूर आहे का.
३. मागील तीन आर्थिक वर्षांत वाचनालयावर झालेला खर्च, बाबनिहाय.
४. शेवटच्या पुस्तक पडताळणीच्या अहवालाची प्रत.
५. वाचनालयाबाबत झालेल्या ठरावांच्या प्रती.

चौथ्या प्रश्नाला 'अभिलेख आढळून येत नाही' असे उत्तर आले तरी ते उपयोगी आहे. पडताळणीच झालेली नसेल तर आज किल्ली घेणारा स्वयंसेवक मागच्या दहा वर्षांच्या गहाळ पुस्तकांचाही धनी ठरतो. असल्या वाचनालयाची किल्ली मागणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे.

मान्यता आहे की नाही यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. मान्यताप्राप्त वाचनालयाच्या अनुदानात वेतनाचा भाग धरलेला असतो. २०२२ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने अनुदान ६० टक्क्यांनी वाढवले. सर्वात खालच्या 'ड' वर्गाचे वर्षाचे ३०,००० होते, ते ४८,००० झाले. 'इतर क' वर्गाचे (जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावाबाहेरच्या 'क' वाचनालयांचे) ९६,००० वरून १,५३,६०० वर गेले. आता हिशोब करा. ४८,००० मधली निम्मी रक्कम पगारावर गेली असे धरले तर महिन्याला २,००० रुपये पडतात. म्हणजे खेड्यातला 'पगारी' ग्रंथपाल आधीच अर्धाअधिक स्वयंसेवक आहे. नगरसेवकांना हे आकडे सभेत वाचून दाखवावेत, कारण "पगार परवडत नाही" हे वाक्य बहुतेक वेळा कोणता पगार हे न पाहताच उच्चारले जाते.

इथे एक धोका ठळकपणे सांगितला पाहिजे. मान्यताप्राप्त वाचनालय पूर्णपणे स्वयंसेवकांवर सोडले की वेतनाचा खर्च दाखवायचा कुठे, हा प्रश्न मार्चमध्ये उभा राहतो. मग कोणी तरी सुचवते की, एखाद्या स्वयंसेवकाचे नाव हजेरीपटावर घाला, पगारपत्रकावर त्याची सही घ्या आणि रक्कम 'वाचनालयाच्याच कामाला' वापरा. हेतू कितीही चांगला असो, ही खोटी नोंद आहे, आणि तपासणीत सही करणारा अडकतो, सुचवणारा नाही. अशा कागदावर सही करू नका.

नगरसेवकांना नेमकी भीती कशाची

गावकरी म्हणतात नगरसेवकांना काम नको. इतके सोपे नाही. त्यांच्या आणि मुख्याधिकाऱ्यांच्या मनात तीन गोष्टी असतात, आणि त्या उघड बोलल्या जात नाहीत.

पहिली, २४० दिवसांची. सलग २४० दिवस काम केले म्हणून कायम करा, अशी प्रकरणे स्थानिक संस्थांविरुद्ध कामगार न्यायालयात वर्षानुवर्षे चालत आली आहेत. आस्थापनेच्या लिपिकाला हा आकडा पाठ असतो. रोज ठरावीक वेळ, हजेरीची सही आणि महिन्याला ठरावीक 'मानधन' या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की स्वयंसेवक आणि कर्मचारी यांतली रेघ पुसट होते. म्हणून मासिक मानधन नको. प्रत्यक्ष झालेला खर्च बिलावर मिळावा. नगरपंचायतीने द्यायचा तो कागद 'सहभाग प्रमाणपत्र' असावा, त्यावर एकूण तास लिहावेत. 'अनुभव प्रमाणपत्र' या शब्दाला कार्यालय बिचकते आणि सहीसाठी कागद महिनोन्महिने पडून राहतो. शब्द बदलला की सही होते.

दुसरी भीती मालमत्तेची. पुस्तके, पंखे, संगणक हे नगरपंचायतीच्या जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत आहेत. लेखापरीक्षणात एखादी वस्तू सापडली नाही तर मुख्याधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते, स्वयंसेवक मंडळाला नाही.

तिसरी राजकारणाची, आणि खरे तर हीच सगळ्यात मोठी. नगरपंचायतीत १७ प्रभाग, म्हणजे १७ निवडून आलेले सदस्य. एखाद्या प्रभागातली दहा पोरे रोज वाचनालय उघडू लागली की दोन वर्षांनी त्यातला एक उमेदवार होणार, हे गणित प्रत्येकाला कळते. किंवा उलटे: एका नगरसेवकाने 'आपली' पोरे बसवली तर बाकीचे सोळा तो उपक्रम पडू देतात. यावर उपाय सोपा आहे, पण तो लेखी हवा. स्वयंसेवक किमान पाच-सहा वेगवेगळ्या प्रभागांतले असावेत. वाचनालयाच्या आवारात कोणाच्याही वाढदिवसाचा फ्लेक्स, पक्षाचे चिन्ह किंवा नेत्याच्या नावाचे कपाट नको. कोणी उमेदवारी अर्ज भरला तर त्या दिवसापासून निकालापर्यंत त्याची पाळी बंद. ही अट गावकऱ्यांनीच आपल्या निवेदनात घालावी. नगरसेवकांचा अर्धा विरोध तिथेच मावळतो.

आणि गावकऱ्यांचा आक्षेप

"फुकट राबवता" हा आक्षेपही नीट तपासावा. मंजूर पद असताना ते न भरता त्याच कामावर स्वयंसेवक बसवणे चूक आहे, कारण त्याच गावात ग्रंथालयशास्त्राची पदवी किंवा जिल्हा ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून घरी बसलेली मुलगी असते. तिची जागा आपण फुकटात भरून टाकतो. पद मंजूरच नसेल, तर मात्र हा आक्षेप 'पद मंजूर करा किंवा अर्धवेळ तरतूद करा' या मागणीत बदलायला हवा. नुसते नाही म्हणत बसले तर खोली बंद राहते आणि वर्षभरात तिथे ब्लीचिंग पावडरची पोती येतात.

पैशाची जागा कुठे आहे तेही सांगतो. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत ग्रंथालये पंचायतींच्या विषयांत आहेत. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या १९६५ च्या अधिनियमात मात्र ती ऐच्छिक कामांत येतात. म्हणजे खर्च करायला कायद्याची आडकाठी नाही, पण केलाच पाहिजे अशी सक्तीही नाही. शेजारच्या तेलंगणात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो. आपल्या १९६७ च्या कायद्यात तो नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात वाचनालयाची ओळ दरवर्षी मागून घ्यावी लागते. अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर मंजूर व्हायचे असते. मार्चमध्ये निवेदन घेऊन जाणाऱ्यांना पुढच्या वर्षीचा रस्ता दाखवला जातो. मागणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि एका तरी नगरसेवकाकडून तो विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. सभेत नागरिकाला बोलण्याचा हक्क नसतो. विषयपत्रिकेवर नसलेल्या विषयासाठी गॅलरीत आरडाओरडा करून काहीही होत नाही.

तासांचा हिशोब

नगरसेवकांचा प्रस्ताव पूर्ण स्वयंसेवेचा असेल तर त्याला विरोध भावनेने करू नका, गणिताने करा. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास वाचनालय उघडे ठेवायचे. महिन्याला २६ दिवस धरले तर १५६ तास. एका पाळीला दोन माणसे हवीत. एकटा माणूस बसवू नका: चोरीचा आळ आला तर साक्षीदार नाही, मुलींना संध्याकाळी एकट्याने बसणे अवघड, आणि एक जण कपाटाकडे गेला की टेबल मोकळे. म्हणजे ३१२ मनुष्यतास. नोकरी, शेती, अभ्यास सांभाळून माणूस आठवड्याला दोन तास टिकाऊपणे देतो, महिन्याला आठ. ३१२ भागिले ८, म्हणजे ३९. आजारपण, लग्ने, परीक्षा यासाठी एक तृतीयांश राखीव धरा. ५२ माणसे. सभेत हात वर करणारे आणि तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष येणारे यांत निम्म्याचा फरक पडतो, हेही धरून चला. शंभर नावे आणता येतील का, असे विचारले की प्रस्ताव आपोआप जमिनीवर येतो.

आपल्याकडच्या कॅलेंडरचा त्यात आणखी घोळ आहे. जूनमध्ये पेरणी. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, नंतर कापूस वेचणी जानेवारीपर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. या आठवड्यांत स्वयंसेवक कमी होणारच, तो त्यांचा आळस नव्हे. वेळापत्रक महिन्याचे न करता हंगामाचे करा. काढणीच्या पंधरवड्यात सकाळची पाळी बंद असेल तर तसे दारावर आधीच लिहा. वाचकाला बंद दार चालते, पण 'उघडे असेल म्हणून आलो आणि बंद निघाले' हे दोनदा झाले की तो परत येत नाही. स्पर्धा परीक्षेच्या पोरांवर पूर्ण भार टाकू नका. पोलीस भरतीची जाहिरात आली की ती मैदानावर जातात, आणि जायलाच हवे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे असताना दुपारची पाळी ठेवण्यात अर्थ नाही. सकाळी साडेसहा ते साडेनऊ करा. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र खेड्यांतले वाचक येतात, त्या दिवशी काहीही झाले तरी बंद नको.

चालणारी रचना

माझ्या मते एकच रचना टिकते: एक जबाबदार पगारी माणूस अर्धवेळ, आणि त्याच्या भोवती स्वयंसेवक. संध्याकाळी चार ते सात पगारी माणूस, त्या वेळात देवघेव. सकाळी सात ते दहा फक्त वर्तमानपत्रे आणि अभ्यासिका, ती स्वयंसेवकांकडे, देवघेव नाही. या सकाळच्या पाळीचा हिशोब: ७८ तास, दोन माणसे, १५६ मनुष्यतास, म्हणजे २० स्वयंसेवक आणि सहा राखीव. २६ माणसे तालुक्याच्या गावात मिळतात. पगारी माणूस नेमायला पैसा नाहीच म्हणाले तर कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याकडे लेखी आदेशाने अतिरिक्त कार्यभार मागा. तोंडी कार्यभाराला काही किंमत नाही.

किल्ल्या तीन. एक पगारी माणसाकडे, एक सकाळच्या पाळीच्या प्रमुखाकडे, तिसरी मोहोरबंद पाकिटात नगरपंचायत कार्यालयात. दाराजवळ किल्ली नोंदवही: तारीख, उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, दोघांच्या सह्या, शेरा. पुढे वाद झालाच तर हीच वही कामाला येते. पुस्तकांची कपाटे सकाळी कुलपात आणि त्या कुलपांच्या किल्ल्या फक्त पगारी माणसाकडे. बाहेरच्या दाराची किल्ली आणि कपाटाची किल्ली वेगळी केली की 'किल्ली द्या' आणि 'किल्ली देणार नाही' यातले अर्धे भांडण संपते.

सुरुवातीला पडताळणी करून घ्या, तीही स्वयंसेवकांच्या मदतीने. तीन जणांचा गट: एक कपाटातून पुस्तक काढून दाखल क्रमांक वाचतो, दुसरा दाखल नोंदवहीत खूण करतो, तिसरा पुस्तक जागेवर ठेवतो आणि धूळ पुसतो. तासाला १०० पुस्तके होतात. ३,००० पुस्तकांना ३० तास, म्हणजे सहा तासांचे पाच दिवस. खुणा चारच ठेवा: आहे, वाचकाकडे, फाटके, आढळले नाही. सुट्टीत बसलेली पोरे उत्साहाच्या भरात 'आढळले नाही' आणि 'वाचकाकडे' एकत्र करतात. आधी देवघेवीतली सगळी पत्रके (घरी नेलेल्या पुस्तकांची कार्डे) तपासून त्यांची यादी करा, मगच कपाटाला हात लावा. शेवटी पंचनामा, तीन प्रती, नगरपंचायतीचा प्रतिनिधी आणि नागरिकांचे दोन प्रतिनिधी यांच्या सह्या. आढळली नाहीत ती पुस्तके लगेच बाद करू नका. बाद करण्याचा निर्णय ठरावानेच व्हायचा.

स्वयंसेवकांनी कोणत्या कामाला हात लावायचा नाही, तेही लिहून टाका. दाखल नोंदवहीत नवी नोंद, अनामत आणि वर्गणीची रोख रक्कम, दंड माफ करणे, पुस्तके बाद करणे, बिलावर सही. पैसे नगरपंचायतीच्या खात्याच्या क्यूआर कोडवर किंवा पगारी माणसाच्या पावतीपुस्तकावर. सकाळी कोणी ५० रुपये घेऊन आला तर त्याला संध्याकाळी यायला सांगा. 'ठेवून घेतो, नंतर पावती देतो' इथूनच कटकटी सुरू होतात.

सदस्यांच्या अर्जांवर फोन नंबर असतात, बऱ्याच ठिकाणी आधारच्या झेरॉक्सही. हे अर्ज उघड्या टेबलाच्या खणात सापडतात आणि मग एखाद्या मुलीला अनोळखी नंबरवरून मेसेज येतात. तिचे वाचनालय त्या दिवशी बंद होते, तिच्या मैत्रिणींचेही. अर्ज कुलपात ठेवा, स्वयंसेवकाला फक्त सदस्य क्रमांक आणि नाव दिसावे. आधारची झेरॉक्स घेऊच नका. पाहून परत द्या.

पुढे स्वयंसेवक देवघेवीतही मदत करू लागले तर एक युक्ती ठेवा. पुस्तकाच्या पाकिटातले पत्रक आणि वाचकाचे तिकीट एकत्र करून त्यांनी फक्त 'आजच्या' ट्रेमध्ये टाकायचे, तारखेच्या क्रमाने लावायचे नाही. परत आलेले पुस्तकही 'आज परत' असे लिहिलेल्या वेगळ्या फळीवर. पत्रके लावणे आणि पुस्तके जागेवर ठेवणे दुसऱ्या दिवशी पगारी माणूस करतो. चुकीच्या पाकिटात गेलेले पत्रक हे देवघेवीतले सर्वात सामान्य दुखणे आहे. वाचक म्हणतो परत दिले, वही म्हणते नाही, आणि दोघेही खरे असतात. चुकीच्या फळीवर ठेवलेले पुस्तक तर हरवल्यातच जमा.

स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणि चालू घडामोडी घरी द्यायच्या नाहीत, फक्त टेबलावर. पाने फाडून नेली जातात ती याच पुस्तकांची, आणि नोकरीच्या जाहिरातीचे पान वर्तमानपत्रातून सकाळी नऊच्या आत गायब होते. ते पान रोज फलकावर चिकटवा, फाडण्याचे कारणच उरत नाही. पावसाळ्याआधी कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा आणि मागच्या भिंतीवर वाळवीची मातीची रेघ दिसते का ते पाहा. हे काम महिन्यातून एकदा स्वयंसेवकांना नेमून द्या, ते आवडीने करतात.

अपघाताचा प्रश्न नगरसेवक काढतीलच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण आहे, वय १८ ते ७०, मुदत १ जून ते ३१ मे. प्रत्येक स्वयंसेवकाने आपल्या बँक खात्यातून ते घ्यावे आणि नोंद दाखवावी. अठरा वर्षांखालच्यांना पाळीची जबाबदारी नको. मुलांचा वाचन तास घ्यायचा असेल तर खोलीत दोन प्रौढ, त्यातली एक स्त्री, आणि दार उघडे.

ठरावाचा मसुदा

नगरसेवकांच्या मसुद्यावर नुसती टीका करण्यापेक्षा आपला मसुदा पुढे करावा. साधारण असा:

"नगरपंचायत वाचनालयात नागरिकांचा ऐच्छिक सहभाग ९० दिवसांसाठी प्रायोगिक तत्त्वावर घेण्यात येत आहे. हा सहभाग कोणत्याही मंजूर अथवा आवश्यक पदाचा पर्याय मानला जाणार नाही. दाखल नोंदवही, रोख रक्कम व जडसंग्रहाची जबाबदारी नगरपंचायतीने लेखी आदेशाने नेमलेल्या कर्मचाऱ्याकडे राहील. स्वयंसेवकांना वेतन अथवा मासिक मानधन देय नाही. पूर्वपरवानगीने झालेला प्रत्यक्ष खर्च देयकावर देय राहील. पडताळणी अहवालातील व प्रायोगिक कालावधीत निदर्शनास येणाऱ्या गहाळ पुस्तकांची वसुली, हेतुपुरस्सर नुकसान सिद्ध झाल्याशिवाय, स्वयंसेवकांकडून करण्यात येणार नाही. आगामी अंदाजपत्रकात अर्धवेळ ग्रंथालय कर्मचाऱ्यासाठी तरतूद प्रस्तावित करण्यात यावी."

यातली दुसरी आणि शेवटची वाक्ये कापण्याचा प्रयत्न होईल. शेवटचे गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा मागता येते. दुसरे मात्र सोडू नका. ते नसले की वर्षभरानंतर कार्यालयीन टिपणीत 'वाचनालय स्वयंसेवकांमार्फत सुरळीत सुरू असल्याने पदाची आवश्यकता नाही' अशी ओळ येते. इंग्लंडमध्ये २०१० नंतरच्या काटकसरीत वाचनालयांच्या अनेक शाखा स्थानिक गटांकडे सोपवल्या गेल्या, आणि तिथलाही वाद नेमका याच ओळीवर आहे.

पूर्ण स्वयंसेवेचा ठराव तरीही मंजूर झालाच, तर ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती देण्याचा अधिकार १९६५ च्या अधिनियमातील कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पण तिकडे धावण्याआधी, वाचनालय मान्यताप्राप्त असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना ठरावाची प्रत देऊन कर्मचारी नसण्याचा अनुदानावर काय परिणाम होईल, हे लेखी विचारा. त्या एका पत्राने पुष्कळ ठराव दुरुस्तीसाठी परत येतात, आणि गावात कोणाचे नाकही कापले जात नाही.

नव्वद दिवसांनी किल्ली नोंदवही घेऊन दोन्ही बाजूंनी एकत्र बसा. सकाळच्या ७८ पाळ्यांपैकी किती उघडल्या, किती वेळा एकच माणूस होता, किती वेळा पंधरा मिनिटांहून उशीर झाला, हे मोजा. सहापर्यंत पाळ्या चुकल्या असतील तर मुदत वाढवून घ्या. त्याहून जास्त असतील तर आठवड्यातले दिवस सहावरून चारवर आणा आणि त्या चार दिवसांची नावे दारावर रंगाने लिहा, खडूने नको. वीसहून जास्त असतील तर सकाळची पाळी बंद करून किल्ली पोच घेऊन कार्यालयात जमा करा, किल्ली नोंदवहीची प्रत सोबत जोडा, आणि तीच प्रत अर्धवेळ पदाच्या मागणीपत्रालाही लावा.